हा प्रश्न भरल्या पोटाचा नाही

जगण्याला अर्थ काय, हा प्रश्न भरल्या पोटाचा आहे, असे आपल्याकडे फार सहजपणे बोलले जाते. बोलणारी माणसे बहुधा चांगली असतात. कुणी वस्तीत आयुष्य घालवलेला कार्यकर्ता असतो, कुणी अर्थशास्त्राचा प्राध्यापक, कुणी शिक्षणाची धोरणे आखणारा अधिकारी. त्यांचे म्हणणे असे: बुद्ध राजकुळातला, प्लेटो अथेन्सच्या उमरावांपैकी, मार्कस ऑरेलियस रोमचा सम्राट. शोपेनहॉवर वडिलांच्या व्यापारातून आलेल्या पैशावर जन्मभर जगला आणि टॉलस्टॉय यास्नाया पोल्यानाचा जमीनदार. ज्याला उद्याच्या भाकरीची भ्रांत आहे त्याला असले प्रश्न पडत नाहीत. म्हणून आधी अन्न, मग घर, मग नोकरी, आणि हे सगळे होऊन सवड उरलीच तर तत्त्वज्ञान. आधी पोटोबा, मग विठोबा. या म्हणण्यामागची कणव खरी आहे, हे मी मानतो. तरीही इतिहास म्हणून ते चुकीचे आहे, आणि ज्यांच्या कळवळ्यापोटी ते मांडले जाते त्यांच्यावरच ते अन्याय करते.

मुळात ती यादीच अर्धी आहे. मार्कस ऑरेलियसने स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणांच्या पहिल्या भागात आपल्यावर कुणाकुणाचे ऋण आहे याची नोंद केली आहे. त्यात रस्टिकस या गुरूचे आभार मानताना त्याने एक कारण दिले आहे: एपिक्टेटसच्या व्याख्यानांची प्रत याने मला दिली. हा एपिक्टेटस आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिस गावी गुलाम म्हणून जन्मला. त्याचा मालक एपाफ्रोडिटस हा नीरोच्या दरबारातला अधिकारी आणि स्वतःही मुक्त झालेला गुलाम. एपिक्टेटस पायाने अधू होता. सुटका झाल्यावर तो रोममध्ये शिकवू लागला, तर सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना शहराबाहेर घालवले. मग ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या निकोपोलिसमध्ये त्याने शाळा काढली. त्याने स्वतः काही लिहून ठेवले नाही. आज जे हाती आहे ते एरियन या शिष्याने टिपून घेतलेले. कोणत्या गोष्टी आपल्या हातात आहेत आणि कोणत्या नाहीत, हा त्याच्या साऱ्या विचाराचा पाया आहे. ज्याच्या मालकीचे स्वतःचे शरीरही नव्हते, त्या माणसाने ही रेषा आखली आणि सम्राटाने ती त्याच्याकडून शिकून घेतली. यादी करणाऱ्यांनी सम्राट ठेवला आणि गुलाम गाळला.

आता या समजुतीच्या कुळाकडे वळू. ती ऐकताना आधुनिक वाटते, गरिबांच्या बाजूची वाटते. पण तिची सर्वांत समर्थ मांडणी ॲरिस्टॉटलने केली. जगण्याच्या गरजा भागल्यावरच माणसे तत्त्वचिंतनाकडे वळली, असे त्याने ‘मेटाफिजिक्स’च्या आरंभी म्हटले आहे. इजिप्तमध्ये गणित जन्माला आले ते पुरोहितवर्गाला सवड होती म्हणून, हे त्याचे उदाहरण. इथवर ते साधे निरीक्षण वाटते. ‘पॉलिटिक्स’मध्ये त्याचे पुढचे पाऊल पडते. सद्गुणाला सवड लागते, म्हणून उत्तम नगरराज्यात कारागीर आणि हातांनी राबणारे लोक नागरिक नसावेत. आणि चांगल्या, स्वतः निवडलेल्या जीवनात गुलामांना वाटा नसतो. ॲरिस्टॉटल आपल्या तर्काशी प्रामाणिक होता. ज्यांना सवड नाही त्यांचा हा प्रश्न नाही, आणि ज्यांचा हा प्रश्न नाही त्यांनी राबावे, म्हणजे इतरांना सवड मिळेल. आपण त्याचा निष्कर्ष नाकारतो आणि त्याचे गृहीतक मात्र सहानुभूतीच्या भाषेत जपून ठेवतो. गृहीतक शिल्लक राहिले की निष्कर्ष कुठल्या तरी वाटेने परत येतोच.

हल्ली या समजुतीला शास्त्राचा आधार म्हणून अब्राहम मॅस्लो पुढे केला जातो. व्यवस्थापनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात तो पिरॅमिड असतो: तळाशी अन्न आणि निवारा, टोकाला आत्मसाफल्य. मॅस्लोच्या १९४३ च्या मूळ निबंधात पिरॅमिडची आकृतीच नाही. उलट, खालची गरज पूर्ण भागल्याशिवाय वरची जागीच होत नाही असे समजू नका, असे त्याने त्यात बजावले आहे, आणि आदर्शांसाठी सर्वस्व सोडणाऱ्यांचा उल्लेख हा क्रम मोडणारे म्हणून केला आहे. शिगेहिरो ओइशी आणि एड डीनर या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली १३२ देशांतली माहिती तपासली, तेव्हा आपल्या जीवनाला अर्थ आहे असे सांगणाऱ्यांचे प्रमाण गरीब देशांत श्रीमंत देशांपेक्षा जास्त आढळले. त्यावरून गरिबी चांगली असे कुणी म्हणू लागला तर मी त्याच्याशीही भांडेन. पण पायऱ्यांचा क्रम एवढ्याने कोसळतो.

मात्र या वादाचा निकाल आकडेवारीने लागावा असे मला वाटत नाही. तो आपल्याच भूमीवर लागलेला आहे.

मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. जमलेले लोक कोकणातले कष्टकरी, लहान शेतकरी, पलटणीतून निवृत्त झालेले शिपाई. भरल्या पोटाचे त्यांत किती असतील? २० मार्चला ते चवदार तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. परत येताना त्यांना मारहाण झाली आणि नंतर तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी या कृतीचा अर्थ स्वतः सांगितला. तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आजवर ते न पिताही आपण जगलो आहोत, आपण जातो आहोत ते इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. या सभेची तुलना त्यांनी १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली. म्हणजे तहान ही त्या दिवसाची मूळ गोष्ट नव्हतीच. माणूस म्हणून जगणे म्हणजे काय, हा प्रश्न होता आणि तो हजारो पायांनी तळ्यापर्यंत चालत गेला होता.

महाडच्या पहिल्या परिषदेतली एक गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. मेलेल्या गुरांचे मांस खाणे सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांसाठी दारोदार हात पसरणे सोडा, असे त्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना सांगितले. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ते तुकडे हेच अनेक घरांचे रात्रीचे जेवण होते. येसकराने मागून आणलेल्या भाकरीवर पोरे वाढत होती. पर्यायी अन्नाची कसलीही हमी नसताना, असलेले अन्न नाकारा, असे हे आवाहन होते, आणि पुढच्या वर्षांत गावोगावच्या महारांनी ते मनावर घेतले. काही ठिकाणी त्यासाठी गावाचा बहिष्कार सोसला. भुकेल्याला फक्त भाकरी कळते, हे म्हणणे खरे असते तर या आवाहनाला एकाही गावाने प्रतिसाद दिला नसता.

जवळपास तीस वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी हाच मुद्दा पुन्हा घेतला. मेलेली ढोरे ओढणे सोडल्याने महारांचे कातड्याचे, शिंगांचे, हाडांचे उत्पन्न बुडते, असा हिशोब पूर्वी वृत्तपत्रातून मांडला गेला होता. त्याची आठवण काढून, माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. हिशोब मांडणारा मनुष्य आजच्या आपल्या चांगल्या मित्रांच्या फार जवळचा आहे. त्यालाही गरिबाच्या उत्पन्नाचीच काळजी होती.

आणि दीक्षेची किंमत? अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशानुसार त्या यादीत जवळजवळ फक्त हिंदू धर्मीय येत होते, १९५६ साली शीख जोडले गेले. बौद्धांचा त्यात समावेश व्हायला १९९० साल उजाडले. म्हणजे दीक्षा घेणाऱ्याने शिष्यवृत्ती, नोकरीतली राखीव जागा, अशा हाती आलेल्या गोष्टी धोक्यात घातल्या. तरी १९६१ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात जवळपास २८ लाख लोकांनी स्वतःची नोंद बौद्ध म्हणून केली. त्यांतले बहुतेक भूमिहीन, गिरणीत आणि गोदीत राबणारे, सफाईचे काम करणारे. आपण या जगात कोण आहोत आणि कशासाठी आहोत, याचे दुसऱ्याने दिलेले उत्तर टाकून देऊन स्वतःचे उत्तर स्वीकारण्यासाठी त्यांनी रोजच्या व्यवहारातले नुकसान पत्करले. आधी पोट, मग अर्थ, असे सांगणाऱ्याने या २८ लाखांचा हिशोब द्यायला हवा.

याची मुळे जुनी आहेत. मंगळवेढ्याचा चोखामेळा गावकुसाच्या बांधकामावर वेठीने राबत असताना भिंत कोसळून गेला, असे परंपरा सांगते. १३३८ हे त्याचे साल मानले जाते. त्याच्या, त्याची पत्नी सोयराबाईच्या आणि विशेषतः मुलगा कर्ममेळ्याच्या अभंगांत देवाला विचारलेले प्रश्न वाचावेत. आम्हांला हीन जन्माला घातलेस, उष्टे खाण्यात जन्म गेला, याची लाज तुला कशी वाटत नाही, असे कर्ममेळा विठ्ठलाला विचारतो. बायबलमधला ईयोब सर्वस्व गमावल्यावर ज्या आवाजात देवाशी भांडतो, तो हाच आवाज. फरक इतकाच की ईयोब पूर्वी श्रीमंत होता. कर्ममेळ्याजवळ गमावण्याजोगे काही कधी नव्हतेच, तरी त्याचा प्रश्न ईयोबापेक्षा तसूभरही लहान नाही. विठोबा पोटोबानंतर येतो असे म्हणणाऱ्यांनी विठोबाशी सर्वांत कडक बोललेल्या माणसाची भूक आठवावी.

या बाजूने बोलताना विरोधी पुरावा लपवणे मला मान्य नाही, आणि तो भक्कम आहे. सिमोन वेल ही फ्रेंच तत्त्वज्ञ शिक्षिकेची नोकरी बाजूला ठेवून डिसेंबर १९३४ ते ऑगस्ट १९३५ या काळात पॅरिसच्या कारखान्यांत कामगार म्हणून राबली. यंत्राच्या वेगापुढे आणि फोरमनच्या हुकमांपुढे विचार करणेच थांबते, थांबवावे लागते, कारण विचार केला तर दुखते, असा तिचा अनुभव होता. दडपणाने बंड उफाळेल अशी तिची अपेक्षा होती, आणि तिने पाहिली ती निमूट ताबेदारी. हे सारे मी मान्य करतो. प्रश्न असा की वेलने यातून काय निष्कर्ष काढला? कामगाराला काव्याची गरज नाही, असा काढला नाही. कामगाराला भाकरीपेक्षाही काव्याची गरज अधिक आहे, असे तिने पुढे लिहिले. श्रमाने विचार चिरडला जातो ही तिच्या मते हिंसा होती. ज्याच्याकडून विचार हिरावून घेतला, त्याला विचाराची गरजच नव्हती, असे म्हणणे म्हणजे चोरीनंतर घरमालकाला ती वस्तू नकोच होती असे म्हणण्यासारखे आहे.

या संदर्भात नाझी छावणीतून वाचलेल्या व्हिक्टर फ्रँकलचे नाव सगळेच घेतात. मी प्रीमो लेवीचे घेईन, कारण लेवी कुणाला सहज दिलासा देत नाही. तुरिनचा हा रसायनशास्त्रज्ञ १९४४ साली आउश्विट्झच्या मोनोविट्झ छावणीत पोचला. १९४७ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात अशी माणसे आहेत ज्यांच्यात भुकेने आणि माराने विचाराची ठिणगीही उरली नव्हती. लेवी त्यांच्यावर कसलेही शौर्य लादत नाही. त्याच पुस्तकात एक प्रकरण आहे. लेवी आणि एक तरुण फ्रेंच सोबती सूप आणायला निघालेत. वाटेत लेवी त्याला इटालियन शिकवण्यासाठी दांतेच्या काव्यातला युलिसिसचा सर्ग आठवून आठवून सांगू लागतो. माणूस पशूसारखे जगायला जन्मला नाही, हा त्या सर्गाचा गाभा. मधल्या काही ओळी त्याला आठवत नाहीत, आणि त्या आठवाव्यात म्हणून आजचे सूप द्यायची आपली तयारी आहे असे तो लिहितो. त्या छावणीत सूप म्हणजे प्राण होता. पुढे अनेक वर्षांनी, शेवटच्या पुस्तकांपैकी एकात, आपण ते शब्द अलंकार म्हणून लिहिले नव्हते, खरोखरच भाकरी आणि सूप दिले असते, असे त्याने पुन्हा स्पष्ट केले. भूक विचार मारते हेही खरे, आणि भुकेलेला माणूस अर्थासाठी भाकरी द्यायला तयार होतो हेही खरे. दोन्ही एकाच माणसाने, एकाच छावणीतून सांगितले आहे. माझ्या विरोधकांनी पहिले ऐकले आणि दुसरे ऐकायचे टाळले.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. गरिबाला जगण्याचा अर्थ पुरवणे हाच तर शोषकांचा जुना धंदा आहे, असे तो आक्षेप म्हणतो. गेल्या जन्मीचे कर्म, पुढच्या जन्मीचे फळ, सोशिकतेचे मोठेपण, हे सारे अर्थच होते, आणि त्यांनीच भाकरी हिरावली. अगदी खरे. म्हणूनच तर हा प्रश्न गरिबाच्या हाती असला पाहिजे. जोतीराव फुल्यांनी हे ओळखले होते. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडल्यावर त्यांनी डाव्या हाताने जे पुस्तक लिहिले, ते शेतसाऱ्याचे किंवा कर्जाचे नव्हते. त्यावर ते पूर्वी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लिहून चुकले होते. शेवटची ताकद त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’ला दिली, जे त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघाले. निर्मिक कोण, माणूस सुखी कशाने होतो, पाप-पुण्य, दैव, जन्म-मृत्यूचे विधी यांना काय अर्थ, अशा प्रश्नांची ती संवादरूपी चर्चा आहे. शेतकऱ्याच्या दारिद्र्यावर त्यांच्याइतके पोटतिडकीने त्या काळी फार थोड्यांनी लिहिले असेल. त्याच माणसाला अखेरीस हे पुस्तक सर्वांत निकडीचे वाटले, कारण जगण्याच्या अर्थाची जागा रिकामी राहत नाही. तुम्ही ती मोकळी सोडलीत की भटाची पोथी तिथे येऊन बसते, आणि आजच्या काळात कुणाचीही.

श्रीमंतांनीही हा प्रश्न विचारला आहे, हे कोण नाकारतो? पण त्यांचा प्रश्न बहुधा वेगळा असतो. ‘युद्ध आणि शांती’ आणि ‘अ‍ॅना कारेनिना’ लिहून झाल्यावर, पन्नाशीच्या सुमारास, टॉलस्टॉय आत्महत्येच्या विचारापर्यंत पोचला. जमीन, कीर्ती, कुटुंब, सारे असताना हे सर्व कशासाठी, या प्रश्नाने त्याला घेरले. ‘कबुली’ या पुस्तकात तो लिहितो ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. उत्तर त्याला आपल्या वर्गातल्या माणसांकडे मिळाले नाही, राबणाऱ्या शेतकऱ्यांकडे मिळाले. त्यांच्या श्रद्धेचे त्याने केलेले चित्रण मला फार भाबडे वाटते, पण एवढे नक्की की जगण्याचा अर्थ ठाऊक असलेले लोक शोधायला तो कोठारांकडून झोपड्यांकडे गेला. आल्बेर कामूचे तर उलटेच झाले. ‘सिसिफसची मिथककथा’ हे १९४२ चे पुस्तक पॅरिसच्या कॅफेतल्या निवांत माणसाचे चिंतन म्हणून वाचले जाते. कामू अल्जिअर्सच्या बेलकूर या गरीब वस्तीत वाढला. तो वर्षाचाही नव्हता तेव्हा वडील पहिल्या महायुद्धात गेले. आई लोकांच्या घरी साफसफाई करी, तिला लिहिता-वाचता येत नव्हते आणि ऐकूही कमी येई. सतराव्या वर्षी त्याला क्षयाने गाठले. पोराने शाळा सोडून कमवावे असे आजीचे मत होते, प्राथमिक शाळेतल्या मास्तरांनी तिचे मन वळवले म्हणून तो शिष्यवृत्तीला बसला. आजी क्रूर नव्हती. आधी पोट, एवढेच ती म्हणत होती.

झाक रांसिएर या फ्रेंच विचारवंताने १९८१ साली ‘कामगारांच्या रात्री’ या विषयावर पुस्तक लिहिले. १८३० च्या दशकातल्या पॅरिसचे शिंपी, सुतार, फरशी बसवणारे लोक दिवसभराच्या श्रमानंतर झोपेची वेळ कापून कविता, पत्रे, तत्त्वचिंतन लिहीत होते, हे त्याने जुन्या कागदपत्रांतून दाखवले. त्यांच्या लिखाणात मजुरीच्या दराइतकीच वेळ हरवल्याची तक्रार आहे: आयुष्य आमच्या हातून जाते आहे, ही. आपल्याकडे असोदे गावची बहिणाबाई शेतात आणि जात्यावर मन, जगणे, मरण यांवर ओव्या रचत होती. गिरणगावातल्या कामगाराने उचलून वाढवलेला नारायण सुर्वे पुढे कवी झाला. लेखक अण्णाभाऊ साठे शाळेत जवळजवळ गेलेच नाहीत. ही उदाहरणे अपवाद म्हणून बाजूला सारली जातात. किती अपवाद जमल्यावर नियम बदलायचा, हे कुणी सांगत नाही.

आणि हा वाद केवळ इतिहासाचा असता तर मी त्यात एवढा शिरलोही नसतो. या समजुतीवर आज निर्णय होतात. गरिबाच्या मुलाने कौशल्याचा अभ्यासक्रम घ्यावा, लवकर कमवावे. तत्त्वज्ञान, साहित्य, इतिहास हे ज्यांना परवडते त्यांच्यासाठी. वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके रचून ठेवलेली असतात, प्लेटो नसतो, ‘सार्वजनिक सत्यधर्म’ही नसतो. १९९५ साली न्यूयॉर्कमध्ये अर्ल शॉरिस या लेखकाने नेमके उलटे केले. गरिबीवर लिहिण्यासाठी तो माणसांना भेटत होता, तेव्हा तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या एका स्त्रीने त्याला सांगितले की आमच्या मुलांना नाटके, संग्रहालये, मैफली, व्याख्याने यांतले नैतिक जीवन द्या. त्यावरून त्याने अत्यंत गरीब, काही बेघर, काही व्यसनातून बाहेर पडलेल्या प्रौढांसाठी मोफत वर्ग काढला, आणि त्यात नोकरीचे कौशल्य शिकवले नाही. सॉक्रेटिसचे संवाद, काव्य, कला आणि इतिहास शिकवला. पुढे बार्ड कॉलेजच्या पाठिंब्याने हे वर्ग अनेक शहरांत चालले. असा वर्ग मुंबईत, नागपुरात, सोलापुरात का नको? रात्रशाळांची परंपरा आपल्याकडे आहे. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दिवसा राबणाऱ्यांसाठी पुण्यात रात्रीची शाळा काढली होती. अशा शाळेत गणित आणि इंग्रजीच्या जोडीला आठवड्यातून एक संध्याकाळ एपिक्टेटस, कर्ममेळा आणि फुले वाचायला द्यावी, एवढीच माझी मागणी आहे. ती भाकरीच्या मागणीच्या आड येत नाही. महाडला पाण्याची आणि माणूसपणाची अशा दोन्ही मागण्या एकत्रच पुढे आल्या होत्या, आणि त्या वेळी कुणीही त्यांना रांगेत उभे केले नव्हते.